शेवटचा फोटो, धूसर

माझ्या डेस्कटॉपवरचा फोटो बघून मित्र विचारतात, 'हा डिलीट करायचा राहिला का?' करडा, धूसर, नुसते दगड. पण तो काढणारा कॅमेरा पुढच्या काही सेकंदांत कायमचा बंद झाला.

रोसेटा हे युरोपियन स्पेस एजन्सीचं यान. २००४ मध्ये निघालं, २०१४ मध्ये '६७पी' या धूमकेतूजवळ पोचलं. दहा वर्षं! त्यातली अडीच वर्षं तर वीज वाचवायला त्याला चक्क झोपवून ठेवलं होतं. (आपण दोन दिवस मेलचं उत्तर आलं नाही तरी कासावीस होतो.) मग दोन वर्षं फोटोच फोटो. शेपटीची एवढी ख्याती आणि प्रत्यक्षात हे चार किलोमीटरचं, रबरी बदकासारखं, कोळशाइतकं काळं ध्यान! मी तर प्रेमातच पडले.

धूमकेतू सूर्यापासून लांब गेला, यानाची वीज घटली. ३० सप्टेंबर २०१६ ला टीमने यान अलगद त्याच्यावरच टेकवलं. उतरताना कॅमेरा चालूच होता. शेवटचा फोटो सहा तुकड्यांत यायचा होता, तीनच पोचले. सॉफ्टवेअरने त्याला फोटो मानलंच नाही.

बातमी शिळी झाली की विषय सोडायचा, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. मिशन संपल्यावर जर्मनीतल्या गॉटिंगेनचे संशोधक मात्र तो उरलेला डेटा चाळत बसले, आणि २०१७ मध्ये त्यांनी हा फोटो जुळवला. त्यात जेमतेम मीटरभर जमीन दिसते. माझ्या टेबलाएवढी.