जयपूरला जाताय? एक दिवस पक्ष्यांसाठी ठेवा!

जयपूरला जाणारी अनेक कुटुंबे स्टेशनजवळच्या बनी पार्क भागात उतरतात. आमेर, हवामहल पाहून झाले की पावले बाजाराकडे वळतात. पण हाताशी एक दिवस असेल, तर सुमारे १८० किलोमीटरवरील भरतपूर जरूर गाठा.

तेथील केवलादेव राष्ट्रीय उद्यान अवघे २९ चौरस किलोमीटरचे. एके काळी ही राजेरजवाड्यांची शिकारीची जागा होती. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एकाच दिवशी चार हजारांवर पक्षी मारले गेले. तेच रान १९८५ मध्ये जागतिक वारसा ठरले!

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. बाभळींवर चित्रबलाकांची घरटी, पाण्यात बदकांचे थवे आणि नशीब असेल तर सारसाची जोडी दिसते. पहाटे पोहोचता यावे म्हणून आदल्या रात्री भरतपुरातच मुक्काम करावा. आत रिक्षा मिळते. रिक्षावाले पक्ष्यांची नावे अचूक सांगतात. मुलांसाठी दुर्बीण, स्वेटर, पाणी न्यावे. भडक कपडे आणि गोंगाट मात्र टाळावा.

निघण्यापूर्वी तळ्यांत पाणी आहे का, हे अवश्य विचारा. हे पाणथळ माणसानेच घडवलेले असल्याने बाहेरून पाणी आले नाही, तर पक्षीही येत नाहीत. सायबेरियन क्रौंच तर २००२ नंतर येथे दिसलेलेच नाहीत. आईवडिलांनी पाहिलेला तो पक्षी मुलांना आता चित्रातच दाखवावा लागतो. जे उरले आहेत, ते तरी त्यांना डोळे भरून पाहू द्या.