हे पूर्वी काय होतं?

सांगलीच्या वखारभागात एका जुन्या गोदामाचं छप्पर उतरवत होते. कौलं काढून पत्रा टाकायचा होता. मालकांनी ढिगातलं एक कौल उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघा, साल छापलंय. 1865. दीडशे वर्षांवरची आहे आमची वखार."

कौल धुऊन पाहिलं. छाप मंगळूरच्या बासेल मिशनचा. साल खरंच होतं, पण ते वखारीचं नव्हे. मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल, आणि ते पुढे वर्षानुवर्षं कौलांवर उठत राहिलं. सांगली संस्थानची मिरज-सांगली रेल्वे सुरू झाली 1907 मध्ये. इतकी जड कौलं त्याआधी बैलगाडीनं इथवर कोण कशाला आणेल? पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले आणि जुना छाप मागे पडला. तेव्हा कौलं दुसरीकडून उतरवून आणलेली नसतील, तर वखार 1907 ते 1914 च्या आसपासची. मालकांचा चेहरा जरा उतरला. शे-सव्वाशे वर्षं काही कमी नाहीत, पण दीडशेची सवय झाली होती त्यांना.

जुनी इमारत दिसली की 'हे पूर्वी काय होतं' असं विचारत सुटायची खोड मला बरीच वर्षं आहे. इंग्लंडमध्ये या कामाला व्हिक्टोरियन गिरण्या असतात, विमा कंपन्यांसाठी काढलेले इमारत न् इमारत दाखवणारे नकाशे असतात. आमच्याकडे नकाशा नाही, आणि व्हिक्टोरियाही फारशी नाही. राणी 1901 मध्ये वारली. सातारा-सांगलीकडचे नावाजलेले कारखाने त्यानंतरचे. तिच्या काळातली खरी गोष्ट एकच, पुण्याहून मिरजेला आलेला सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज रूळ. 1885 चं सातारा गॅझेटियर छापलं गेलं तेव्हा तोही पुरा झाला नव्हता. पण पुढचं सगळं त्या रुळाच्या कडेनं उगवलं. म्हणून मी शोधाला निघतो तो पॅसेंजरनं. सातारा रोडला धनजीशा कूपरांचा नांगर आणि ऑइल इंजिनांचा कारखाना, कराड स्टेशनाला ओगलेवाडी, मग किर्लोस्करवाडी, माधवनगरची कापडगिरणी, सांगलीत दादासाहेब वेलणकरांची गजानन मिल. खिडकीशी बसलं की उद्योगाचा इतिहास ओळीनं समोरून जातो.

माधवनगरच्या बाजूला एक शेड आहे, सध्या फर्निचरचं गोदाम. कोणी म्हणे तालीम होती, कोणी म्हणे घोड्यांची पागा. आत गेलो आणि आधी वर पाहिलं. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि सगळ्या काचा उत्तरेकडे. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट आत येत नाही. पागेला असल्या उजेडाची गरज काय? हे माग चालवणाऱ्याचं नाहीतर यंत्रकाम करणाऱ्याचं छप्पर. मग भिंतीकडे पाहिलं. डोक्याच्या बऱ्याच वर, सारख्या अंतरावर लोखंडी ब्रॅकेट, त्यांच्याखाली दगडावर काळपट ओघळ. बोट फिरवलं तर अजून चिकट लागत होतं.

माझ्याबरोबर आलेले एक निवृत्त फिटर तोवर गप्प होते. ओघळ पाहून त्यांनी तोंड उघडलं. "पावनं, हितनं शाफ्ट फिरत व्हता. ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. एकच इंजान, अन् पट्ट्यावर समदी मशिनं."

"मग इंजिन कुठं, काका?"

उत्तर न देता ते मागच्या दारानं बाहेर गेले. झुडपांत दगडी चौथरा होता, त्यातून चार जाड बोल्ट वर आलेले. शेजारी चुन्यात बांधलेला हौद. शेडचे हल्लीचे मालक म्हणाले, तो जनावरांना पाणी पाजायचा हौद. काकांना हसू आवरेना. "जनावरं कुटली? इंजान थंड ठेवायला पानी नको?" हौदाच्या आतल्या अंगाला दोन पाइपांची भोकं होती, एक वर, एक खाली. गार पाणी खालून जायचं, गरम झालेलं वरून परत यायचं.

हे कारखाने नेमके इथेच का, याचं उत्तर इमारतीत नाही, संस्थानांच्या सरहद्दीत आहे. आजचे दोन जिल्हे तेव्हा ब्रिटिश मुलूख आणि संस्थानं यांची गोधडी होती. बेळगावहून जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाचा माळ दिला, वर कर्जही दिलं. 1910 मध्ये तिथं लोखंडी नांगर बनू लागले. ओगले बंधूंचा 1916 चा काचकारखानाही औंधच्याच आधारानं उभा राहिला. किर्लोस्करवाडीत गेलं की माझा प्रश्नच खुंटतो, कारण कारखाना चालू आहे, पंप बनताहेत. तिथं मी शोधतो तो छापखाना. नांगर, चरक आणि कडबा कापायच्या यंत्रांच्या गावातून 1920 पासून 'किर्लोस्कर खबर' (पुढे नुसतं 'किर्लोस्कर') मासिक निघालं, मागाहून 'स्त्री' आणि 'मनोहर'. ओतशाळेच्या आवाजात वाङ्मयाची प्रुफं तपासणारी ती माणसं मला कारखान्याहून जास्त नवलाची वाटतात.

ओगलेवाडीत मात्र प्रश्न विचारावाच लागतो. कराड म्हणून उतरावं तर शहर काही मैलांवर, आपण उभे ओगलेवाडीत. कारखाना बंद पडून खूप वर्षं झाली. पावसाळ्यानंतर गेलो होतो. मातीत बोराएवढे हिरवट काचेचे गोळे वर आले होते. भट्टीतला टाकाऊ माल. इथल्या काचा आणि प्रभाकर कंदील घरोघरी पोहोचले. खेड्यात वीज आली आणि त्यांची गरज सरली.

त्या कंदिलाचा आणखी एक उपयोग मला हरिपुरात कळला. सांगलीला खेटून कृष्णाकाठचं हे गाव, हळदीच्या पेवांचं. जमिनीवर पाहाल तर काहीच नाही, एक झाकलेलं तोंड. खाली पंधरा-वीस फूट किंवा त्याहून खोल, पोटाशी रुंद होत गेलेला खड्डा. इथल्या मातीचा गुण असा की हळद त्यात वर्षानुवर्षं टिके, किडीला हवाच मिळत नसे. पण जी हवा किडीला मिळत नाही ती माणसालाही नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच कोणी उतरत नसे. एका म्हाताऱ्या हमालानं सांगितलं, "आधी कंदील सोडायचा दोरीनं. इजला तर वर वडायचा अन् वाट बघायची. तेवत ऱ्हायला तरच आमी खाली." कंदील कुठला, असं विचारलं. "आन् कुठला? ओगल्याचा."

2005 च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, कित्येक ढासळली आणि व्यापारी सिमेंटच्या गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पेवांचा व्यवहार बहुतेक आटोपल्यावर. मला विचाराल तर या दोन जिल्ह्यांतली सर्वांत हुशार औद्योगिक वास्तू पेवच, आणि तिच्यावर वारसा म्हणून पाटी लावायला भिंतसुद्धा नाही.

माझी मागणी मोठी नाही. सगळं जपा, संग्रहालयं काढा असं मी म्हणत नाही. छप्पर गळत असेल तर मालकानं पत्रा टाकायचाच. फक्त कौलं उतरवण्याआधी त्यांच्या छापाचे फोटो काढा. गर्डरवर कंपनीचं नाव असेल तर तेही घ्या. आणि तुमच्या घरात, गल्लीत गजानन मिल, ओगलेवाडी, सातारा रोड इथं राबलेलं कोणी असेल तर त्यांना रिक्षात घालून त्या जागेवर न्या. घरी खुर्चीत बसवून विचारू नका, तिथं त्यांना फार आठवत नाही. भिंतीसमोर उभं करा आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. एवढं या दिवाळीच्या सुट्टीत जमण्यासारखं आहे.