मृग, व्याध आणि एक अपुरे वाक्य

विद्यार्थी मित्रहो, मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तुम्ही कधी नृसिंहवाडीला आला असाल, तर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरची गर्दी तुम्हांला आठवत असेल. जन्मकाळाचा सोहळा संध्याकाळी होतो. त्यानंतर घाटाच्या पायऱ्यांवर थंडी उतरू लागते आणि पाण्यावर दिवे थरथरतात. अशा वेळी पूर्वेकडे मान वर करून पाहावे. चंद्राच्या प्रकाशातही मृग नक्षत्र ओळखू येते: चार तारे म्हणजे हरणाचे चार पाय, मधले तीन तारे म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि आग्नेयेला लखलखणारा व्याध. शेतकऱ्याला जूनमधले पावसाचे मृग ठाऊक असते. ते मृग तेव्हा सूर्यासोबत असल्याने दिसत नाही. दिसते ते हिवाळ्यात, आणि तेही शिकार झालेल्या स्थितीत.

या महिन्याचे नावही त्या नक्षत्रावरून पडले आहे. मृगशीर्ष नक्षत्रावर ज्या महिन्याची पौर्णिमा येते, तो मार्गशीर्ष. ‘मृग’ या शब्दाचा जुना अर्थ केवळ हरीण असा नव्हता. कोणताही वन्य पशू म्हणजे मृग. म्हणून तर सिंह हा मृगेंद्र आणि माकड हे शाखामृग. इंग्रजीतील ‘डिअर’ हा शब्दही मुळात कोणत्याही जनावराला लावला जाई. पुढे दोन्हीकडे त्याचा अर्थ आकुंचित झाला आणि हरणापाशी येऊन थांबला. ‘मार्ग’ हा शब्दही मृगापासूनच आला, असे मानतात. मार्ग म्हणजे आधी जनावराची वाट. त्या मार्गाचाच मराठीत ‘माग’ झाला. आपण एखाद्याच्या मागावर असतो, तेव्हा नकळत पारध्याच्या पावलांनी चालत असतो.

हे सारे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. आज मात्र तुम्हांला एका अशा प्रसंगाविषयी सांगायचे आहे, जो मी वर्गात कधी सांगितला नाही.

माझे आजोळ फोंडाघाटाच्या पायथ्याशी, कोकणात. घाटमाथ्यावरील दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ मध्ये ते अभयारण्य झाले. घाटाखालच्या वाड्यांमध्ये राजे नव्हते, चित्ते नव्हते. होती ती ठासणीची बंदूक, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढून घेतलेली. माझ्या थोरल्या मामांकडे तशी एक बंदूक होती. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर शिकार हा गुन्हा ठरला आणि ती भिंतीवरच राहिली. मामांच्या गोष्टी मात्र थांबल्या नाहीत.

पीएच.डी.साठी मी बोलींतील व्यवसायशब्द गोळा करत होतो. १९९६ च्या जानेवारीत टेपरेकॉर्डर घेऊन मामांकडे गेलो आणि बंदूक कशी भरतात, ते सांगायला त्यांना विनंती केली. मामा सत्तरीचे होते. पडवीत बसून, हातात बंदूक नसतानाही, ती असल्यासारखे हात हलवत ते सांगू लागले. आधी नळीत मापाने दारू ओतायची. त्यावर नारळाच्या सोडणाचा काथा घालायचा आणि गजाने ठासायचा. मग छर्रे, मग पुन्हा काथा, पुन्हा ठासणी. घोडा मागे ओढून खाली केप बसवायची. एवढे केल्यावर एक बार. तो चुकला, तर सगळे पहिल्यापासून. आणि तोवर जनावर डोंगरापलीकडे. थंडीत दहिवराने दारू सर्दावते, म्हणून मामा दारूची डबी कपड्यांच्या आत, पोटाशी धरून बसत.

आपण एखादी गोष्ट ‘ठासून’ सांगतो, एखाद्याचा ‘बार फुसका’ निघतो, घाईत लग्नाचा ‘बार उडवून’ देतो. मामांचे हात पाहताना या शब्दप्रयोगांमागची कृती मला दिसत होती. मी भराभर टिपत होतो. त्या दिवशी माझ्या वहीत सत्तेचाळीस शब्द जमा झाले. प्रबंधातील ते प्रकरण परीक्षकांना विशेष आवडले.

मामा वारल्यानंतर काही वर्षांनी मी ती ध्वनिफीत पुन्हा ऐकली. शब्द ऐकायचे नव्हते. मामांचा आवाज ऐकायचा होता. बंदूक भरून झाल्यावर ते एका पहाटेची हकिकत सांगू लागले होते. पौषातले धुके, कुळथाच्या शेतात उतरलेले भेकर. पहिली केप नुसतीच फुटली. भेकराने मान वर केली, पण ते पळाले नाही. आवाज कुठून आला, ते कान टवकारून ऐकत राहिले. मामांनी दुसरी केप बसवली आणि चाप ओढला. काळ्या दारूचा धूर फार होतो. थंड, निवांत हवेत तो हलत नाही. शिकाऱ्याला काही क्षण समोरचे काहीच दिसत नाही. फितीवर मामांचा आवाज इथे खाली येतो. ते म्हणतात, “धूर निवळलो, आणि बघतंय तर...”

यानंतर माझा आवाज आहे. स्पष्ट, उत्साही, सुशिक्षित आवाज: “मामा, या धुराला तुमच्याकडे काही वेगळा शब्द आहे का?”

थोडा वेळ शांतता. मग मामा हसतात. “धूर तो धूरच रे झिला.” पुढे मी गजाविषयी विचारतो, त्यांनी गजाविषयी सांगितले आहे. भेकराकडे आम्ही दोघेही परत गेलो नाही.

धूर निवळल्यावर मामांना काय दिसले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी मामेभावंडांना विचारले. त्यांनी ही गोष्ट ऐकलीच नव्हती. बाकीच्या गोष्टी मामा सगळ्यांना सांगत. ही त्यांनी बहुधा पहिल्यांदाच सांगायला घेतली होती, आणि ती माझ्यापाशी.

लहानपणी आई मला वाडीच्या कीर्तनांना नेत असे. भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा तिथे ऐकली. याच स्कंधावर एकनाथांनी १५७३ मध्ये आपली टीका पूर्ण केली. त्या गुरूंमध्ये एक हरीण आहे. पारध्याच्या गाण्यात गुंतून ते जीव गमावते, म्हणून त्याच्यापासून सावधपण शिकायचे. तिथेच एक बाण करणारा कारागीरही आहे. तो आपल्या कामात इतका मग्न असतो, की जवळून राजाची स्वारी गेलेली त्याला कळत नाही. कथेत त्याची एकाग्रता वाखाणली आहे. अनेक वर्षे मलाही ती अभ्यासकाची एकाग्रता वाटे. ध्वनिफीत ऐकल्यापासून मनात येते, की त्या दिवशी पडवीतून जे गेले, त्याच्याकडे मी मान वर करून पाहायला हवे होते.

मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर शेतात, कारखान्यात, घरात राबून रात्री ही पुस्तिका उघडत असाल. पुढील घटकात तुम्हांला बोलीतील शब्द गोळा करायला सांगितले आहे. ते अवश्य करा. तुमच्या घरात, शेजारी, गावात अशी माणसे अजून आहेत, ज्यांच्या शब्दांबरोबर एकेक कसब निघून जाणार आहे. वही घ्या, शब्द नीट लिहा, अर्थ पडताळून पाहा. मात्र सांगणाऱ्याचा आवाज मध्येच खाली आला आणि तो “बघतो तर...” असे म्हणून थांबला, तर लेखणी खाली ठेवा. काही विचारू नका. त्याला हवा तेवढा वेळ द्या.