‘हू’ म्हणजे फक्त ‘कोण’ नव्हे

काळेवाडीतल्या आमच्या विहारात संध्याकाळची वंदना झाली की पाचवी-सहावीच्या मुलांचा इंग्रजीचा वर्ग बसतो. सगळी मराठी शाळेतली, कामगारांची मुले. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे शब्द त्यांना येतात. गाडी अडते ती संबंधी सर्वनामांपाशी.

‘हू’ म्हणजे ‘कोण’ हे आधीच पाठ झालेले असते. बाबासाहेबांच्या १९४६ सालच्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथाच्या नावात तो अर्थ बरोबर आहे. तिथे प्रश्नच विचारला आहे. पण ‘डॉ. आंबेडकर वॉज द लीडर हू लेड द महाड सत्याग्रह’ असे फळ्यावर लिहिले की मुले विचारतात, “सर, बाबासाहेब माहीत असताना ‘कोण’ कशाला?” शंका रास्त आहे. इथे ‘हू’ म्हणजे ‘ज्यांनी’.

दुसरी अडचण आपल्या भाषेच्या वळणाची. ‘जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ’ असे आपण बोलतो. पालीतसुद्धा ‘यो’च्या जोडीला ‘सो’ येतो. म्हणून मुले लिहितात, ‘द बॉय हू केम येस्टर्डे ही इज माय ब्रदर.’ इंग्रजीत तो ‘तो’ नकोच असतो. यावर मी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापतो. एका पट्टीवर ‘द बॉय इज माय ब्रदर’, दुसरीवर ‘ही केम येस्टर्डे’. दुसरीतल्या ‘ही’वर ‘हू’ चिकटवायचा, पहिली पट्टी ‘बॉय’नंतर कापायची आणि दुसरी मध्ये बसवायची. ‘ही’ कुठे उरतच नाही! पालकांनो, घरी करून पाहा, इंग्रजी येत नसले तरी जमेल.

आपल्याकडे जो, जी, जे आणि वर आदरार्थी रूपे. इंग्रजी एवढेच पाहते, माणूस की वस्तू? वस्तूला ‘विच’, माणसाला ‘हू’. बाबासाहेबांनाही ‘हू’ आणि टेम्पोवाल्यालाही ‘हू’. मला हे आवडते.

घरच्या माणसांवर वाक्ये लिहायला सांगितली, तेव्हा एका मुलीने ‘माय मदर इज अ वुमन हू’ एवढे लिहून पेन्सिल ठेवली. तिची आई पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत धुणीभांडी करते. न्यायला आलेल्या आईला कारण कळले, तशी ती म्हणाली, “लिही की गं! मी काय चोरी करते व्हय?”

मुलीने लिहिले, ‘हू शी वॉशेस युटेन्सिल्स इन फोर हाउसेस.’ मग वाचून पाहिले आणि जास्तीचा ‘शी’ स्वतःच खोडला.