न जाणवणाऱ्या दुखण्याचा माग

व्हीलचेअरसाठी सेन्सर बनवायचा म्हटले की अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच यंत्र येते: खुर्चीच्या पुढच्या बाजूला अल्ट्रासॉनिक सेन्सर, खाली आर्डुइनोचा बोर्ड, आणि भिंत जवळ आली की वाजणारा बझर. इंटर्नशिपच्या मोजक्या आठवड्यांत ते पूर्ण होते, सादरीकरणात उठून दिसते. हात थरथरणाऱ्या किंवा नजर अधू असलेल्या काहींना त्याचा उपयोगही आहे. पण खुर्चीवर बसणाऱ्या बहुतेकांना भिंत दिसते. मणक्याला इजा झालेल्या माणसाने अनेकदा गमावलेली असते ती कमरेखालची जाणीव, आणि माझ्या मते सेन्सरचे पहिले काम तिथे आहे. खुर्चीच्या पुढे नव्हे, बसण्याच्या उशीत.

आपण तासभर बसलो तर नकळत अनेकदा बैठक बदलतो. मांडी अवघडते, मुंग्या येतात, शरीर स्वतःच सरकते. जाणीव गेलेल्या माणसाला हा इशारा मिळत नाही. बैठकीच्या दोन हाडांवर आणि माकडहाडाभोवती वजन साचत राहते, त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, आणि जखम अनेकदा आतून सुरू होऊन वर येते. डॉक्टर तिला दाबव्रण म्हणतात, घरातली माणसे बेडसोर. कितीचा दाब धोक्याचा, या प्रश्नाला विद्यार्थ्यांच्या अहवालात ठरलेले उत्तर असते: 32 मिलिमीटर पारा. हा आकडा येतो युजीन लँडिस यांच्या 1930 च्या मोजमापांतून, आणि ती मोजमापे निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांची होती. बसलेल्या माणसाच्या हाडाखालच्या मांसाला तो आकडा सरसकट लावता येत नाही. 1976 मध्ये रेस्विक आणि रॉजर्स यांनी दाब आणि वेळ एकत्र मांडून दाखवले की मोठा दाब थोडा वेळ सोसतो, आणि छोटा दाबही फार वेळ राहिला तर घात करतो. म्हणून सेन्सरने एका आकड्याची मर्यादा ओलांडल्यावर ओरडणे पुरेसे नाही. एका जागी दाब किती वेळ टिकला आणि माणूस शेवटचा कधी उचलला गेला, याचा हिशेब त्याने ठेवायला हवा.

हे काम नागपूर जिल्ह्यातल्या भिवापुरात करावे असे मी म्हणतो, त्यामागे गावावरच्या मायेपेक्षा उन्हाचे कारण मोठे आहे. उमरेडच्या पुढचा हा तालुका मिरचीसाठी नावाजलेला, आणि मे महिन्यात या जिल्ह्यात पारा 45 अंशांवर जातो. दाब मोजणाऱ्या स्वस्त पातळ पट्ट्यांचा स्वभाव असा की वजन तेच ठेवले तरी वाचन हळूहळू सरकत जाते. उष्णता आणि घाम त्यात भर घालतात. वातानुकूलित प्रयोगशाळेत तासाभरात जुळवलेली पट्टी टिनाच्या छपराखाली दुपारी दोन वाजता काय सांगेल, हे तिथे बसवल्याशिवाय कळत नाही. बझरवाल्या सेन्सरचेही तेच, कारण तो ध्वनीवरून अंतर मोजतो. 20 अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, 45 अंशांना सुमारे 358. तापमानाची दुरुस्ती न केलेले यंत्र मीटरभर अंतर चार सेंटीमीटरने कमी दाखवते. शिवाय मिरची वाळवण्या-निवडण्याच्या सातऱ्यांवरची धूळ, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणारी पुढची छोटी चाके आणि खडबडीत वाटेवरचे धक्के, या सगळ्याची नोंद सेन्सरच्या वाचनात मिसळणारच. ती वेगळी काढता येणे हेच खरे अभियांत्रिकीचे कौशल्य. आणि झाडावरून, छपरावरून पडून मणका मोडलेली माणसे शस्त्रक्रियेनंतर परततात ती अशाच गावांत.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे 8 कोटी लोकांना व्हीलचेअर लागते, आणि कित्येक देशांत ती गरजवंतांपैकी फार थोड्यांना मिळते. ज्याच्याकडे मापाची खुर्ची नाही, दारात उतार नाही, त्याला सेन्सर देणे ही थट्टा नव्हे काय? शिवाय दाब उतरवायला इलेक्ट्रॉनिक्स लागतेच असे नाही. आयआयटी मद्रासमधील प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्राने 2019 मध्ये पुढे आणलेली ‘अराइज’ खुर्ची बसणाऱ्याला स्वतः उभे राहू देते, आणि उभे राहिले की बैठकीवरचा भार आपोआप हलका होतो. हा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. आधी खुर्ची, उशी आणि उतार. पण शिबिरात एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या जातात तेव्हा ‘ही खुर्ची या माणसाला बसत नाही’ हे पुराव्याने सांगणारे तिथे कोणी नसते. एका हाडाखाली दुसऱ्यापेक्षा दुप्पट दाब पडतो आहे, हे दाखवणारा नकाशा तो पुरावा देऊ शकतो. खुर्ची नाकारण्याचा, बदलून मागण्याचा आधार त्या माणसाच्या हाती येतो.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा: मोजक्या आठवड्यांत वैद्यकीय उपकरण होत नाही. खरेच आहे, आणि म्हणूनच इंटर्नशिपकडून उपकरणाची अपेक्षा सोडावी. उशीत घातलेली वायर किंवा पट्टीची कडक कडासुद्धा, जिला काही जाणवत नाही अशा त्वचेवर, नवी जखम करू शकते. घाईने बनवलेला नमुना माणसाखाली ठेवणे धोक्याचे आहे. त्याऐवजी विद्यार्थ्याने मोजणी करावी: ठरावीक वजनाची वाळूची पिशवी, तीच उशी, सकाळ-दुपार-रात्र, आणि दर तासाला वाचन किती सरकले याची वही. हे काम कंटाळवाणे आहे, पण ती वही पुढच्या तुकडीला तिथूनच सुरुवात करू देते. सोबत थेरपिस्ट हवा, आणि खुर्ची वापरणारी व्यक्ती प्रयोगाचा विषय म्हणून नव्हे, तर काय मोजायचे ते ठरवणारी म्हणून हवी, तिच्या वेळेचा मोबदला देऊन. बझर हवा की मनगटावर हलकी थरथर, रात्री इशारा आईला जावा की कोणालाच नाही, हे तिने सांगायचे. सतत वाजणारा इशारा चार दिवसांत बंद करून ठेवला जातो, आणि मग उशीत कितीही चांगला सेन्सर असला तरी त्याचा उपयोग उरत नाही.