इंग्रजीची वही

आमच्या काळी इंग्रजी पाचवीपासून होतं. सर 'माय फादर' निबंध फळ्यावर लिहून द्यायचे, आम्ही तो उतरवून पाठ करायचो. त्या निबंधातला बाप पहाटे उठायचा, कष्ट करायचा आणि आनंदी असायचा. सगळ्या वर्गाचे बाप आनंदीच. माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला होता, पण ते इंग्रजीत लिहायचं कुणी सांगितलं नाही. दहावीत काठावर पास झालो आणि माझं इंग्रजी तिथंच थांबलं.

२०१६ साली धाकटी लेक नववीत होती. गाव अहमदपूर तालुक्यातलं. नांदेडही लांब, लातूरही लांब. तिचे इंग्रजीचे सर जरा वेगळेच होते. आमचा मुलूख लातूर पॅटर्नचा, प्रश्नपत्रिका घोटून घेणारा मास्तर इथं चांगला. हे सर सोमवारी धड्याआधी विचारायचे, 'हाऊ आर यू?' आणि 'फाईन' म्हणलेलं त्यांना चालायचं नाही. फळ्यावर शब्द लिहिलेले असायचे : सॅड, अँग्री, अफ्रेड, लोनली, होपफुल. आपला खरा शब्द निवडायचा आणि का ते पाच ओळींत लिहायचं. वर्गात वाचून दाखवायची सक्ती नाही. मी घरी हसलो होतो. म्हणलं, हे सिलॅबस कवा पुरा करणार?

त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आमची विहीर त्याच्या कितीतरी आधी तळाला गेली होती. दोन वर्षं सोयाबीननं बियाण्याचेही पैसे दिले नव्हते. बँकेचं देणं होतं, बँकेबाहेरचंही होतं.

फेब्रुवारीत एका दुपारी सर शेतात आले. लिंबाखाली बसले, पिकापाण्याचं बोलले. मग पिशवीतून वही काढली.

"काका, पोरीला विचारूनच आणलीय. ती म्हणली, दादाला वाचू द्या, पण माझ्यापुढं नको."

वर 'अफ्रेड' लिहिलेलं. खाली 'माय फादर नॉट स्लीप.' मी अक्षर अक्षर लावत वाचत गेलो. बाप रात्री विहिरीवर जाऊन बसतो. आई मागं जाते आणि लांब उभी राहते. फवारणीच्या औषधाचा डबा मी तुराट्यांच्या ढिगाखाली लपवलाय. ग्रामरच्या चुका मलाही दिसत होत्या. सरांनी एकीलाही लाल खूण केली नव्हती.

मराठीत तिनं हे लिहिलंच नसतं. वही घरात कुठंही पडते, आई वाचेल, चुलता वाचेल. इंग्रजी थोडंफार येतं ते मला एकट्याला. हे तिच्या ध्यानात होतं का नव्हतं, मी अजून विचारलेलं नाही.

तो डबा मी एकदा शोधला होता. फवारायला शेतात पीक नव्हतं.

सर दिवस मावळेपर्यंत बसले. आठ दिवसांनी मोटारसायकलवर बसवून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मी पहिल्यांदाच कुणापुढं एवढं बोललो.

पण त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी लेकीला म्हणलं, "डबा दे."

"कशाला पाहिजे?"

"दुकानात वापस करू. तू पण चल."

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून ती आली. डबा तिनं मांडीवर धरला होता, माझ्या हातात दिला नाही. सील शाबूत होतं. दुकानदारानं पन्नास रुपये कापून बाकीचे दिले.