डिस्क ‘नाही’ म्हणते तेव्हा

स्टोरेज ड्रायव्हर लिहिणं हे माझं रोजचं काम. न कळणारी कमांड गेली, की डिस्क स्कझीच्या भाषेत ‘सेन्स की 5’ कळवते: इल्लीगल रिक्वेस्ट. हा बिघाड नव्हे. तेच पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो, ड्रायव्हरने दुसरी वाट धरायची.

मला खटकते ती कॅश. यूएसबी डिस्कने कॅशची माहितीच दिली नाही, तर लिनक्स ‘राइट थ्रू’ धरून चालतो, म्हणजे लिहिलेलं थेट तबकडीवर पोचलं असं मानतो. मग कॅश रिकामी करायची कमांडही पाठवत नाही. आणि कॅश खरंच असली तर?

आजीच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो अशा डिस्कवर टाकले, की इजेक्ट केल्यावरही दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत मी केबल काढत नाही. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असतेच. घरचे हसतात, हसू देत.